बेसमेंटमधला रेडिओ

१५ ऑगस्ट २००५, सोमवार

आज दुसरा श्रावणी सोमवार, शिवामूठ तिळाची. पिंडीवर तीळ वाहत होते आणि मागे हे नुसतेच उभे. सोमवारी सकाळी हे घरात असण्याची मला सवय नाही. स्तोत्र दोनदा चुकले.

रेडिओवाल्यांनी ह्यांना बाहेर काढले आहे. एकट्यांना नाही, युनियनमधल्या सगळ्यांना. मी विचारले, "संपावर गेलात का?" तर म्हणाले, "संप कामगार करतात. हा लॉकआउट. बोलणी फिसकटली म्हणून मॅनेजमेंटनेच दाराला कुलूप घातलं. आता करार होईपर्यंत आम्ही रस्त्यावर."

करार कशावर अडला तेही सांगितले, भाजी निवडणाऱ्या बाईला सांगतात तसे. सरकारी रेडिओ, लोकांच्या पैशांवर चालणारा. पण मॅनेजमेंटला आता पक्की माणसे नकोत. तेरा-तेरा आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवरची हवीत. युनियन म्हणते, चालणार नाही.

मी म्हटले, "तुमची तर पक्की आहे ना? मग तुम्ही कशाला उन्हात?"

हे चपला शोधत होते.

आजपासून घरखर्च आवळला. देवाचे तूप तेवढे तसेच.

१९ ऑगस्ट

हे डबा विसरले म्हणून मी बसने डाउनटाउनला गेले. रेडिओच्या बिल्डिंगसमोर फूटपाथवर तीसेक माणसे गळ्यात पाट्या अडकवून गोल गोल चालत होती. थांबायचे नाही असा नियम आहे. थांबले की रस्ता अडवल्याचा आळ येतो. त्यांचा कॅप्टन ग्लेन म्हणून आहे, तो मधून मधून "कीप मूव्हिंग" ओरडतो. ह्यांच्या दंडालाही पट्टी होती, म्हणजे हे धाकटे कॅप्टन. घरी सांगितले नव्हते.

आणि हे बोलत होते. हातवारे करून. लग्नाला बावीस वर्षे झाली, देश सोडून सस्काटूनला येऊन सतरा. घरी ह्यांचे बोलणे म्हणजे मीठ कमी आहे, बर्फ शोव्हल करायचंय, झोपतो. इथे एका बाईशेजारी चालता चालता चाललेले काही संपतच नव्हते. बाई आपल्यातली. जीन्स, आखूड केस, कपाळ मोकळे. तिशी ओलांडलेली असेल.

"ही धम्मप्रिया," हे म्हणाले. "नागपूरची. आमच्या न्यूजरूममध्ये प्रोड्युसर आहे."

"नमस्ते वहिनी. शरददादा तुमच्या पोह्यांचं इतकं सांगून राहिले की मी आज घरून जेवूनच नाही आले."

डबा एकट्याचा होता. दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला, चालत चालत.

नाव ऐकूनच कळले कोणातली ते. मी तसले काही मानत नाही. पण कळते. रात्री विचारले तर म्हणाले, नवरा कपिल तिकडे टोरंटोजवळच्या केंब्रिजला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, ही इथे एकटी, रेडिओसाठी. सात वर्षे कॉन्ट्रॅक्टवर आहे.

नवरा एका टोकाला आणि ही दुसऱ्या टोकाला. असला कसला रेडिओ.

२५ ऑगस्ट

आमच्या बेसमेंटचा स्टुडिओ केला आहे. मला विचारले नाही, सांगितले. कुलूप लागले तरी लोकांना रेडिओ पाहिजे, म्हणून हे लोक स्वतःचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करणार आणि युनिव्हर्सिटीतल्या मुलांचा रेडिओ तो लावणार. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या. त्यातल्या दोन माझ्या आईने कऱ्हाडहून पाठवलेल्या. एकीला खिळ्याने भोक पडले.

ती रोज येणार आहे. बेसमेंटचा जिना स्वयंपाकघरातून उतरतो आणि जिन्याच्या तोंडाशीच माझा देव्हारा. दुपारी देव्हारा वर बेडरूममध्ये नेला. खालची धूळ येते म्हणून. ह्यांनी रिकामी जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "धूळ." हे म्हणाले, "हो का."

२६ ऑगस्ट

आज ती मागच्या दाराने, गराजमधून परस्पर खाली गेली. मी तर काही बोलले नव्हते.

२९ ऑगस्ट, सोमवार

शिवामूठ जवाची, शेवटची. उपवास.

घर तापवणाऱ्या फर्नेसचा पाइप बेसमेंटमधून वर येतो आणि त्याची जाळी माझ्या गॅसच्या शेजारी फरशीत आहे. खालचा शब्दन् शब्द वर येतो. मी मुद्दाम ऐकत नाही. पण चपात्या तर तिथेच लाटाव्या लागतात.

आज हे हसले. असे हसणे मी ह्यांच्या बहिणीच्या लग्नात ऐकले होते, त्यानंतर नाही. मग ती हसली. मग दोघे. इंग्रजीत चालले होते. मी मॅट्रिकला इंग्रजीत पास झाले होते, पण ते इंग्रजी वेगळे. "माय वाइफ" एवढे दोन-तीनदा कळले. सलोनी वर आली तेव्हा विचारले, "काय सांगत होते गं बाबा?"

"नथिंग, आई. तू सुपरस्टोअरमध्ये कॅशिअरला कोथिंबिरीची जुडी परत घ्यायला लावलीस ना, ते. ही टॉक्स अबाउट यू ऑल द टाइम."

म्हणजे माझ्या घरातल्या गोष्टी तिला सांगून हसवतात. कोथिंबीर पिवळी होती. पिवळी कोथिंबीर मी का घ्यावी?

चार चपात्या करपल्या. त्याच खाली पाठवल्या.

२ सप्टेंबर

पहिला कार्यक्रम काल लागला. शेजारच्या मिसेस कोवालचुक घरी येऊन मिठी मारून गेल्या. खऱ्या रेडिओवर मॅनेजमेंट दिवसभर तबकड्या लावते, कापणीचे दिवस आणि हवामान नीट कोणी सांगत नाही, त्यांचा मुलगा ट्रॅक्टरवर बसून शिव्या देतो. त्या म्हणाल्या, तुझ्या मुलीचा आवाज देवाची देणगी आहे.

आवाज सलोनीचा, शब्द धम्मप्रियाचे. तशी युक्तीच केली आहे. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी बोलायचे नाही, नावही घ्यायचे नाही. ती लिहिते आणि माझी सतरा वर्षांची पोरगी वाचते. ह्यांनी मला समोर बसवून बजावले, "बाहेर कुठे बोलू नकोस. तिचं कॉन्ट्रॅक्ट तीस सप्टेंबरला संपतंय. हे सगळं ती लिहिते असं कळलं तर पुढचं मिळायचं नाही."

"मी कोणाला सांगणार? माझ्याशी बोलतंय कोण?"

"शुभदा," हे म्हणाले.

शुभदाचा नवरा मिलिंद मॅनेजमेंटमध्ये. तो आत आहे, तोच तबकड्या लावतो. सस्काटूनमध्ये माझ्याशी मराठीत मन मोकळे करणारी ती एकच.

संध्याकाळी जाळीतून शिकवणी ऐकली. ती सलोनीला एकच वाक्य परत परत वाचायला लावत होती. जेवताना मी त्याचा अर्थ विचारला. सलोनीने पहिल्यांदाच धड मराठीत सांगितले. जिची नोकरी दर तेरा आठवड्यांनी संपते, ती मंत्र्याला वाकडा प्रश्न कसा विचारेल? आणि रेडिओने वाकडा प्रश्न विचारायचा नाही तर लोकांनी त्याला पैसे कशाला द्यायचे?

वाक्य चांगले आहे. चांगले आहे म्हणूनच अर्ध्या ताटावरून उठले. मी हिला बोलायला शिकवले, शुभंकरोती शिकवले. तिने कधी माझे वाक्य असे दहा वेळा घोकले नाही.

६ सप्टेंबर, हरतालिका

निर्जळी उपवास केला. वाळूऐवजी नदीकाठची माती आणून पिंड केली. ह्यांच्या आयुष्यासाठी मागितले. हे संध्याकाळी म्हणाले, "पाणी तरी घे गं," आणि खाली गेले. खाली तिला म्हणाले, "मफलर घे, बाहेर गारठा आहे." दोन्ही वाक्ये मोजून मापून पाहिली. मफलरचे जास्त प्रेमाने म्हटलेले वाटले.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. उकडीचे मोदक अकरा. आरतीला हे, सलोनी आणि मी.

सकाळी शुभदाचा फोन. "गौरीला मला सवाष्ण म्हणून बोलावणार आहेस की नाही, ते आताच सांग. की आमच्याशी रोटीबेटी बंद?"

"असं काय बोलतेस?"

"मग? परवा ग्रोसरीत तुझ्या नवऱ्याने मला पाहून कार्ट वळवली. मी काय कुलूप लावलंय?"

गावात सवाष्णी मिळून चार. एक इंडियात, एक बाळंतीण, एकीला सासरचे सुतक. उरली शुभदा. ह्यांना विचारले तर पेपर खाली न ठेवता म्हणाले, "शुभदा येऊ दे. मिलिंदच्या पंक्तीला मी बसणार नाही. रविवारी मी आणि सलोनी युनियनच्या बार्बेक्यूला जातोय."

"आणि ती?"

"ती खाली लिहीत बसेल. सोमवारचं स्क्रिप्ट राहिलंय."

म्हणजे माझ्या गौरींच्या दिवशी माझ्या घरात नवरा नाही, मुलगी नाही, आणि ती आहे.

११ सप्टेंबर, रविवार

गौरी जेवल्या. पुरणपोळी, सोळा भाज्या जमवल्या, भोपळ्याची फुले मिसेस कोवालचुकच्या परसातली.

मिलिंदने गाडीतून शुभदाला सोडले. दारापर्यंत आला, "वहिनी, घरी सगळे ठीक?" म्हणाला आणि गेला. त्याचेही डोळे खोल गेलेत. रात्री रेडिओतच झोपतो म्हणे.

आधी खाली ताट नेले. धम्मप्रिया कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर होती. मी म्हटले, "वर या, गौरींना नमस्कार करा, मग जेवा." आमंत्रण मनापासून दिले होते. निदान अर्ध्या मनाने.

ती उठून उभी राहिली. "वहिनी, जेवण मी हातावरसुद्धा घेईन. पण हात जोडणार नाही. आमच्या बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिली आहे, गौरी-गणपतीला मानणार नाही अशी. माझ्या आजीने दीक्षाभूमीवर घेतली ती. राग मानू नका."

मी राग मानला. माझा नवरा चालतो, माझी मुलगी चालते, माझे पुरण चालते. माझी गौर तेवढी चालत नाही.

वर शुभदा जेवत होती. सवाष्णीला त्या दिवशी गौरच समजायचे, ती मागेल ते वाढायचे, नाही म्हणायचे नाही. आईने शिकवलेले. जाळीतून कीबोर्डची टकटक येत होती. शुभदाने कान दिला.

"खाली कोण आहे गं?"

"कोणी नाही. कामाचं माणूस."

"बाईमाणूस दिसतंय. खोकला तसा वाटला." तिने पोळीवर तूप घेतले. "मिलिंद म्हणतो, शरदरावांची पोरगी काय सुंदर वाचते. पण म्हणतो, ते शब्द तिचे नव्हेत. वरून, पार टोरंटोहून फोन येतात, हे लिहितंय कोण म्हणून. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला तर तिथे कोणी विचारतही नाही."

मी भात वाढला.

"तुझे हे दिवसभर खालीच असतात का?"

"रात्रीही."

"तिच्याबरोबर?"

मग माझ्या तोंडून सगळे गेले. नाव, नागपूर, नवरा केंब्रिजला, तीच लिहिते, सलोनी वाचते, हे रेकॉर्ड करतात. हेही सांगितले की तिने माझ्या गौरीला हात जोडले नाहीत. शुभदाने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "तुझं बरोबर आहे गं." सस्काटूनमध्ये हे वाक्य मला कोणी म्हटल्याला किती दिवस झाले.

खणानारळाने ओटी भरली. गौरीपुढे सवाष्णीने विचारले तर खोटे कसे बोलायचे? मी खोटे बोलले नाही एवढेच.

१२ सप्टेंबर

गौरी नदीवर पोचवल्या. पाणी बर्फासारखे. धम्मप्रियाने ताट घासून पुसून जिन्यावर ठेवले होते, पुरण संपवलेले.

२० सप्टेंबर

तिला फोन आला. तीस तारखेनंतर तुमची गरज नाही, कुलूप उघडले तरी येऊ नका. कारण दिले नाही. कॉन्ट्रॅक्टला कारण द्यावे लागत नाही.

ती वर आली होती, स्वयंपाकघरात, पाण्यासाठी. रडली नाही. भिंतीला टेकून पाणी प्यायली आणि ह्यांना म्हणाली, "दादा, सात वर्षांत त्यांनी माझ्या आडनावाचा उच्चार कधी बरोबर केला नाही. आज केला." ह्यांचा चेहरा कागदासारखा झाला.

आता केंब्रिजला नवऱ्याजवळ राहील. ते एका परीने बरेच.

संध्याकाळी साजूक तुपातला शिरा केला. कारण काही नाही.

२३ सप्टेंबर

बेसमेंट रिकामे आहे. ती येत नाही, सलोनी खाली जात नाही. मला वाटले होते घर मला परत मिळेल.

हे दुपारी आले तर दंडावर पट्टी नाही. विचारले तर म्हणाले, "ग्लेनने दुसऱ्याला दिली." सलोनीने नंतर सांगितले. गौरीच्या रविवारी मिलिंदची गाडी आमच्या ड्राइव्ह-वेमध्ये कोणीतरी पाहिली. सगळ्यांना वाटते, बाबांनीच नाव फोडले, मराठी मराठीला जाऊन मिळाले. बाबांच्या शेजारी कोणी चालत नाही. "इव्हन प्रिया डझन्ट."

तीही नाही, हे ऐकून आधी बरे वाटले. लिहायला लाज वाटते, पण वाटले.

२४ सप्टेंबर

जेवताना ह्यांनी विचारले, "गौरीला कोण जेवलं?"

"शुभदा."

"मिलिंद आत आला होता?"

"दारापर्यंत."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटले आता ताट सरकवतील. पण नाही. "भाजीत मीठ बरोबर आहे," म्हणाले आणि उठले. तिच्या जाण्याने इतके खचलेत की माझ्यावर चिडायलाही जीव उरलेला नाही. मी मेले तर एवढे खचतील का?

२७ सप्टेंबर

सलोनी शाळेतून आली ती बॅग न काढता माझ्यासमोर उभी राहिली. काल युनियनच्या मीटिंगमध्ये बाबांनी उठून सांगितले की मी मिलिंदशी बोललो, चूक माझी. युनियनचे कार्ड काढून घेणार होते, तेवढे घेतले नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्याही दिल्या नाहीत.

"व्हाय वुड ही डू दॅट, आई? ही वॉज विथ मी ऑल डे. आम्ही बर्गर विकत होतो." मग माझ्याकडे बघितले. वर गेली.

मी कणीक मळत होते. मळत राहिले. ह्यांनी हे धम्मप्रियासाठी केले म्हणावे तर तिचा त्यात काही फायदा नाही. सलोनीसाठी म्हणावे तर तिने काही केलेले नाही. घरात तिसरे माणूस कोण उरते?

चोवीस तारखेला मिठाचे म्हणाले ते काय होते, ते आज कळले. महिनाभर मला वाटत होते की ह्यांनी एकदा तरी काही माझ्यासाठी करावे. ते हे असे मिळाले. असे नको होते.

२८ सप्टेंबर

सर्वपित्री जवळ आली, घरात कामे आहेत. ती टाकून बसने गेले.

फूटपाथवर माणसे कमी झालीत. थंडी आहे, रात्री दव गोठते. हे एका टोकाला एकटे चालत होते. ती दुसऱ्या टोकाला. मी तिच्या शेजारी जाऊन चालू लागले. तिने पाहिले आणि चाल वाढवली. मला साडीत, कोट सांभाळत धावल्यासारखे करावे लागले.

"ह्यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं. शुभदाला. गौरीच्या दिवशी."

ती थांबली. मागचा माणूस आमच्यावर आदळला. ग्लेन ओरडला, "कीप मूव्हिंग, लेडीज." ती परत चालायला लागली. अर्धा फेरा झाला.

मग म्हणाली, "तुम्ही देव्हारा हलवला. मी काही बोलले नाही. मागच्या दारानं येत गेले. शरददादांना वाईट वाटेल म्हणून त्यांना सांगितलं की मला गराजमधून जवळ पडतं."

मी कोट आवळून तिच्या चालीने चालत राहिले.

"आणि मी पाच दिवस त्या माणसाशी बोलले नाही वहिनी. माझ्या सात वर्षांत, माझ्या कॉन्ट्रॅक्टसाठी आपली पक्की नोकरी असून उन्हात उभा राहिलेला तो एक. मी त्याच्याकडे पाठ करून चालले."

आणखी एक फेरा झाला. बिल्डिंगच्या काचेमागे मिलिंद उभा होता, कॉफीचा कप घेऊन. मला पाहून मागे सरकला.

"वकिलासमोर सांगाल?" ती म्हणाली. "त्यांना कारण न देता कॉन्ट्रॅक्ट थांबवता येतं. पण युनियनचं काम केलं म्हणून थांबवता येत नाही. माझं नाव त्यांच्यापर्यंत कसं गेलं हे सांगणारं माणूस पाहिजे. दादांचं सांगणं टिकणार नाही, ते त्या दिवशी घरी नव्हते."

"म्हणजे शुभदाचं नाव घ्यावं लागेल."

"हो."

"ती मला पुन्हा उंबऱ्याशी उभी करणार नाही."

"मग नका सांगू," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. मी आणखी दोन फेरे तिच्या मागून चालले, कारण थांबायचे नाही. मग रांगेतून बाहेर पडले.

३० सप्टेंबर

आज तिचे कॉन्ट्रॅक्ट संपले. दिवसभर शुभदाला फोन करावा की करू नये यातच होते. वकिलासमोर सांगायचे ते ठरले होते, पण तिला आधी कळवून की न कळवता? शेवटी केला. म्हटले, "मी सोमवारी वकिलाकडे तुझं नाव सांगणार आहे."

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "ओटी भरलीस ना माझी?" आणि फोन ठेवला.



३ ऑक्टोबर, सोमवार

रात्री करार झाला. रेडिओवर मॅनेजमेंटनेच सांगितले. पुढच्या आठवड्यात सगळे कामावर. कॉन्ट्रॅक्टवाल्यांची संख्या वाढवता येणार नाही, असे कलम युनियनने मिळवले म्हणे. मिसेस कोवालचुकनी अंगणातून हात केला. जिने ते सगळे लिहिले ती मात्र त्या सगळ्यांत नाही.

दुपारी युनियनच्या ऑफिसात गेले. हे बरोबर होते. गाडीत एवढेच म्हणाले, "तुला नको असेल तर परत वळवतो." मी म्हटले, "नको."

वकील गोरा, तरुण, कानात बाळी. माझे इंग्रजी अपुरे म्हणून धम्मप्रियाने मध्ये बसून सांगायचे ठरले. तिच्याविरुद्ध मी केलेले तिच्याच तोंडून जाणार. हे नवरा म्हणून चालत नव्हते आणि दुसरे कोणी मराठी मिळाले नाही. वकील म्हणाला, बाईंना आक्षेप नसेल तर चालेल. मी म्हटले, आक्षेप नाही.

तारीख, वार, कोण आले, काय विचारले, मी काय सांगितले. शुभदाचे नावही घेतले. मी एक वाक्य म्हणायची, धम्मप्रिया ते पुढे द्यायची. तिच्या आवाजात रागही नव्हता आणि माफीही नव्हती. बातम्या सांगतात तसे.

मग वकिलाने विचारले, का सांगितलंत? पैसे मिळाले, कोणी धमकावले, असे काही?

मी म्हटले, "मला हिचा हेवा वाटत होता. आमचे हे हिच्याशी बोलतात म्हणून. माझी मुलगी हिची वाक्यं घोकते म्हणून."

 धम्मप्रियाने जे इंग्रजीत सांगितले ते माझ्यापेक्षा फार लहान होते. त्यात "गेस्ट" होता, "रिलिजस कस्टम" होते. पाहुणीला नाही म्हणता आले नाही, रीत आहे, असे काहीसे. म्हणजे मला झाकत होती.

वकील लिहायला लागला. मी त्याच्या कागदावर हात ठेवला.

"नो," मी म्हटले. "जेलस. आय वॉज जेलस."

त्याने तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली. त्याने तेच लिहिले. हे दाराजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ घातला नाही.

निकालाला महिने लागतील. पक्के काही नाही. वकिलाने तसे तोंडावर सांगितले.

बाहेर पडल्यावर वारा होता. धम्मप्रिया म्हणाली भूक लागली, म्हणून टिम हॉर्टन्सच्या कॉफीशॉपमध्ये गेलो. टेबलाशी आम्ही दोघी बसलो, एकमेकींकडे न पाहता. हे काउंटरवर गेले. तिची कॉफी काळी आणि दोन साखरा, न विचारता सांगितली. फूटपाथवर रोज आणत असणार. मला परत तोच हेवा वाटला. आताच कागदावर सही करून आले तरी.

मग हे वळले आणि तिथूनच मला म्हणाले, "तुला काय? चहा? दूध किती सांगू?"

बावीस वर्षे मीच करून मीच पिते, तर ह्यांना कुठून ठाऊक असणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात धम्मप्रिया खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दूध जास्त, दादा. साखर नको. सलोनी सांगते, वहिनी उकळलेला घेतात, इथला त्यांना आवडायचा नाही."